श्योपूरच्या रानातील पाहुणे

ग्वाल्हेरचा इतिहास म्हटला की किल्ला, तानसेनाची समाधी आणि शिंद्यांची दौलत आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. या संस्थानातील रानांनाही इतिहास आहे, याचे आपल्याला सहसा स्मरण राहत नाही. तो प्रामुख्याने वन्यपशूंच्या जगण्या-मरण्याचा इतिहास आहे.

मध्य भारतातील सिंह एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाहीसा झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव महाराज शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले आणि काही काळ बंदिस्त जागेत ठेवून श्योपूरच्या रानात सोडले. त्यांनी गुरे मारली, माणसांवरही हल्ले केले, आणि अखेर त्यांचा वंश तेथे टिकला नाही.

त्याच मुलखात आज कुनो राष्ट्रीय उद्यान आहे. गीरच्या सिंहांना दुसरे घर मिळावे म्हणून १९९८ ते २००३ या काळात येथील २४ गावे उठवण्यात आली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सिंह आणण्याचा आदेशही दिला. सिंह मात्र आले नाहीत. आले ते १९५२ साली भारतातून नामशेष ठरलेले चित्ते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते कुनोत दाखल झाले.

मार्च ते ऑगस्ट २०२३ या काळात त्यांपैकी सहा प्रौढ चित्ते आणि येथे जन्मलेले तीन बछडे दगावले. कोणी मूत्रपिंडाच्या विकाराने गेले, कोणी मीलनाच्या वेळी झालेल्या जखमांनी. आफ्रिकेतील हिवाळ्याच्या हिशेबाने वाढलेल्या दाट केसांत, गळपट्ट्याखाली, येथील पावसाळी दमटपणाने जखमा चिघळल्या. बछडे मे महिन्याच्या उष्म्यात गेले. एकेका मृत्यूची बातमी झाली.

मृत्यू मोजणे सोपे आहे. परंतु तेवढ्यावरून निकाल देणे आम्हांस उचित वाटत नाही. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या मैदानात एका प्रसिद्ध अभ्यासात शंभरातील जेमतेम पाच बछडे स्वावलंबी होईपर्यंत जगल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांचा काळ सिंहच ठरला होता. तरीही तेथे चित्ता टिकून आहे. खरा प्रश्न किती मेले हा नसून, मरणाऱ्यांची जागा घेणारी पिढी उभी राहते की नाही, हा आहे.

या दृष्टीने एक घटना लक्षणीय आहे. २०२३ च्या त्या उन्हाळ्यात वाचलेली एकटी मादी, मुखी, माणसांच्या देखरेखीखाली वाढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने पाच बछड्यांना जन्म दिला. येथेच जन्मलेल्या मादीची ही पहिली वीण. तरीही विजयाची घाई नको. भक्ष्य पुरले नाही, तर ही पिढीही शेजारच्या गावांतील गुरांकडे वळेल आणि महाराजांच्या सिंहांची कथा पुन्हा घडेल. ज्यांनी आपली शेते आणि दैवते मागे सोडून हे रान मोकळे केले, त्यांच्या त्यागाचा हिशेब चित्त्यांच्या आगमनाने पुरा होत नाही. तो पुरा व्हायचा तर त्यांच्या नातवंडांनी येथे जगले पाहिजे.