डॉक्टर दोन्हीकडे, फरक यंत्रांचा
महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका आल्या: ७०४ प्राथमिक, २३३ प्रगत. अमेरिका-कॅनडात या दोन पायऱ्या माणसांच्या असतात. कमी शिकलेला आणि जास्त शिकलेला यांच्यात मानापमान ठरलेलाच. इथे मात्र दोन्ही गाड्यांत डॉक्टर बसवला, बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. त्यामुळे उतरंड माणसांवरून प्रगत गाडीतल्या व्हेंटिलेटरवर सरकली. माझ्या मते हे शहाणपणाचं होतं, आणि वडखळसारख्या नाक्यावर, जिथे मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो, ते जास्त पटतं. अपघातात आधी रक्त थांबवायचं, श्वास मोकळा ठेवायचा, मान हलू द्यायची नाही. मान धरणाऱ्यानं इशारा द्यायचा, त्यासरशी बाकीच्यांनी अंग एका रेषेत कुशीवर वळवून पाठीखाली फळी सरकवायची. या कामाला यंत्रापेक्षा हात लागतात, आणि डॉक्टर-चालक दोघेही अपुरे पडतात. बघ्यांतला एखादा हात लागतोच.

मग प्रगत गाडी हवी कशाला, असा आक्षेप येईल. कॅनडातल्या ओंटारियोच्या, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रगत सेवा आणूनही गंभीर जखमींचं जगण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं. पण तो निष्कर्ष घटनास्थळापुरता. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून मुंबईला हलवलेला, श्वासासाठी यंत्रावर असलेला रुग्ण याच नाक्यावरून जातो, आणि त्याला प्राथमिक गाडीत घालणं म्हणजे जिवाशी खेळ. माणसांची उतरंड मात्र पुरती गेलेली नाही: चालकाला ‘पायलट’ म्हणत असले तरी प्रथमोपचाराचं श्रेय क्वचितच मिळतं.