यंग, नील
(१२ नोव्हेंबर १९४५ – ). कॅनेडियन-अमेरिकन रॉक गायक, गीतकार व गिटारवादक. जन्म टोरांटोचा. वडील स्कॉट यंग हे क्रीडापत्रकार व लेखक. १९५१ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, नील यांना पोलिओ झाला. आईवडील विभक्त झाल्यावर ते आईबरोबर विनिपेगला गेले आणि तेथे शाळकरी वयातच त्यांनी ‘द स्क्वायर्स’ हा बँड उभा केला.

१९६६ मध्ये जुनी शववाहिका चालवत ते लॉस अँजेलिसला पोहोचले. तेथे रस्त्यावरच्या रहदारीत आधीच्या ओळखीचे गायक-गिटारवादक स्टीफन स्टिल्स भेटले आणि ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ हा बँड जन्मला. तो दोनच वर्षे टिकला. १९६९ पासून ‘क्रेझी हॉर्स’ या बँडच्या साथीने यंग यांची खरी शैली घडली : उंच, कातर आवाज आणि एकाच स्वरावर पुन्हापुन्हा आघात करणारी, खरखरीत गिटार. बोटांची चपळाई दाखवण्याचा मोह तिच्यात नाही. त्याच काळात ते ‘क्रॉस्बी, स्टिल्स व नॅश’ या त्रयीलाही येऊन मिळाले. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात ४ विद्यार्थी मारले गेले, तेव्हा या चौघांनी यंग यांचे ‘ओहायो’ हे गीत काही आठवड्यांतच लोकांपुढे आणले.

‘हार्वेस्ट’ (१९७२) या संग्रहाने अफाट लोकप्रियता मिळवली. त्यातील ‘हार्ट ऑफ गोल्ड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. याच वळणाची आणखी गाणी करणे सोपे होते, पण यंग यांनी ते केले नाही. क्रेझी हॉर्सचे गिटारवादक डॅनी व्हिटन आणि साहाय्यक ब्रूस बेरी हे दोघेही अमली पदार्थांना बळी पडले. त्या शोकातून १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘टुनाइट्स द नाइट’ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फुटलेले, बेसूर झालेले आवाज त्यांनी तसेच राहू दिले. यंग यांची सर्वश्रेष्ठ कृती हीच होय.

‘ट्रान्स’ (१९८२) मध्ये त्यांनी आपला आवाज यंत्रातून बदलून घेतला. बोलू न शकणाऱ्या आपल्या मुलाशी संवाद साधण्याची धडपड त्यामागे होती. ध्वनिमुद्रण कंपनी गेफन हिने मात्र, ते स्वतःच्या शैलीला न शोभणारे संगीत देतात म्हणून त्यांच्यावर दावा लावला. ‘फ्रीडम’ (१९८९) व ‘रॅग्ड ग्लोरी’ (१९९०) यांनी त्यांना पुन्हा अग्रस्थानी नेले. पुढे ‘ग्रंज’ या रॉकप्रकारातील पिढी त्यांना आपला पूर्वज मानू लागली; ‘मिरर बॉल’ (१९९५) हा संग्रह त्यांनी त्याच पिढीतील ‘पर्ल जॅम’ या बँडबरोबर केला.

अडचणीतील शेतकऱ्यांसाठी १९८५ मध्ये विली नेल्सन व जॉन मेलेनकॅम्प यांच्यासह त्यांनी ‘फार्म एड’ सुरू केले. बोलण्यात व हालचालीत गंभीर अडचणी असलेल्या मुलांच्या ब्रिज स्कूलसाठी त्यांच्या मैफली १९८६ मध्ये सुरू झाल्या. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश दोनदा झाला : १९९५ मध्ये स्वतंत्र कलावंत म्हणून, १९९७ मध्ये बफेलो स्प्रिंगफील्डसह.