एका प्रांताचा इतिहासकार

बदलीच्या हुकमाने चेन्नईस आलेल्या मराठी माणसाची दृष्टी प्रथम खिळते ती पुढाऱ्यांच्या भव्य चित्रांवर आणि मरीना किनाऱ्यावरील त्यांच्या समाध्यांवर. ‘व्यक्तिपूजा’ असा शेरा मारून आम्हीही ती फाईल बंद केली होती. ती पुन्हा उघडावयास लावली प्रा. एम. एस. एस. पांडियन (१९५८–२०१४) यांच्या ग्रंथांनी.

पांडियन यांचा पहिला अभ्यास नांचिलनाडूच्या शेतीव्यवस्थेचा. नागरकोविलभोवतीचा हा मुलूख पूर्वी त्रावणकोर संस्थानात होता. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत तो तमिळ प्रांतास मिळाला. सीमाप्रश्नाची जखम बाळगणाऱ्या आम्हां मराठी वाचकांस त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १९८९ पासून ते अड्यार येथील मद्रास विकास अध्ययन संस्थेत होते. १९९२ साली त्यांनी एम. जी. रामचंद्रन यांच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७७ ते १९८७ या काळातील ज्या राजवटीने गरिबांच्या पदरी फारसे काही घातले नाही, तिच्या नायकावर गरिबांनीच जीव का ओवाळावा, हा त्यांचा प्रश्न. उत्तरासाठी त्यांनी चित्रपटांतला नावाडी व रिक्षावाला, तसेच लोकगाथांतले बंडखोर वीर बारकाईने तपासले. श्रद्धेची थट्टा न करता तिची चिकित्सा कशी करावी, याचा तो वस्तुपाठ होय.

२००७ च्या ग्रंथात त्यांनी ‘ब्राह्मण’ व ‘ब्राह्मणेतर’ या संज्ञा तमिळ देशी राजकीय कशा झाल्या, याचा शोध घेतला. १९१६ चा ब्राह्मणेतर जाहीरनामा वाचताना, १८७३ चा सत्यशोधक समाज आणि १९०२ चा करवीर दरबाराचा राखीव जागांचा हुकूम ज्यास ठाऊक आहे, त्या मराठी वाचकास परक्या गावी ओळखीचा माणूस भेटल्यासारखे होते.

२००९ साली ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले. तेथेच त्यांच्या निष्ठेची कसोटी लागली. पाठ्यपुस्तकांतील व्यंगचित्रांवरून २०१२ मध्ये वाद पेटला. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनावरील आर. के. लक्ष्मण यांचे चित्र वगळावे, अशी तमिळ पक्षांची मागणी होती. डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनेक चित्रे वगळण्याची शिफारस केली. द्रविड चळवळीविषयी आस्था बाळगणाऱ्या पांडियन यांनी मात्र एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. राजकीयदृष्ट्या अनुचित काय, हे ज्याच्या त्याच्या दृष्टीवर ठरते. म्हणून तो निकष ग्राह्य नाही, असे त्यांचे म्हणणे.

साऱ्यांच्या सह्या झालेल्या टिपणीखाली एकट्याने उलट मत नोंदविणे म्हणजे काय, हे आम्हां कचेरीतल्या माणसांस पुरते ठाऊक आहे. इथे तर समोर परके नव्हते. आपल्याच प्रांताचा अभिमान उभा होता.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी ते निवर्तले. इतिहासाच्या एखाद्या पानावरून भावना दुखावण्याचे प्रसंग आमच्या महाराष्ट्रातही थोडे नाहीत, आणि परप्रांती राहणाऱ्यांचा स्वाभिमान अंमळ अधिकच हळवा असतो. तशा वेळी ते पान फाडावे की मुलांपुढे ठेवून त्यावर वाद घालू द्यावा? तमिळ देशाच्या या इतिहासकाराने आपले उत्तर लेखी नोंदवून ठेविले आहे. आमचे उत्तर अजून द्यावयाचे आहे.