हृदयाशेजारचा विद्युतघट

स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यवैद्य ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या देहात जो पहिला पेसमेकर बसविला, त्याचे श्रेय रूने एल्मक्विस्ट यांच्या रचनाकौशल्यास दिले जाते व ते यथायोग्यच आहे. परंतु बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतलेल्या त्या राळेच्या चकतीतील निकेल-कॅडमियमच्या घटांना त्वचेबाहेरून वरचेवर वीज पुरवावी लागे, हे सहसा कोणी सांगत नाही. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन २००१ पर्यंत जगले खरे, पण तोवर त्यांच्या वाट्याला सव्वीस यंत्रे आली.

अमेरिकेत बफेलो येथे १९६० मध्ये विल्सन ग्रेटबॅच व डॉ. चार्डॅक यांनी जस्त आणि पाऱ्याचे ऑक्साइड यांचा, मूळ युद्धोपयोगासाठी सिद्ध झालेला घट पत्करला. मात्र त्यातून हायड्रोजन वायू सुटत असल्यामुळे वेष्टन पूर्ण बंद करण्याची सोय नव्हती; वायूला वाट ठेवावी, तर त्याच वाटेने देहातील ओलावा आत शिरे, आणि जेमतेम दोन वर्षांची मुदत भरली की रुग्णास पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर हजर व्हावे लागे. या जाचातून सुटण्यासाठी १९७० मध्ये पॅरिसात चक्क प्लुटोनियमची तजवीज झाली!

खरा तोडगा १९७२ मध्ये इटलीत प्रथम देहात बसला, तो लिथियम-आयोडीनचा. एका अंगास लिथियमचा मऊ रुपेरी पत्रा, दुसऱ्या अंगास आयोडीन मिसळलेले काळसर बहुवारिक. दोहोंचा स्पर्श होताच मध्ये लिथियम आयोडाइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि विभाजक व विद्युतवाहक ही दोन्ही कामे एकटाच करतो. या घटाचा प्रवाह इतका क्षीण, की त्यावर विजेरीचा दिवाही लागू नये. बाजारात त्यास कोणी उभे केले नसते. हृदयाच्या ठोक्यास मात्र तेवढा पुरतो. वापरागणिक तो थर जाड होत जातो, विद्युतदाब सावकाश उतरतो आणि वैद्यास आगाऊ सूचना मिळते. वायू सुटत नसल्याने टायटॅनियमची डबी सांधून कायमची बंद करता आली.

पुढे हृदयास जोराचा धक्का देणारा डिफिब्रिलेटर आला, तेव्हा मात्र ही क्षीणता चालेना. त्यासाठी लिथियमसमोर रुपे व व्हॅनेडियम यांच्या ऑक्साइडचे अग्र योजावे लागले, आणि त्या कामी एस्थर ताकेउची यांनी ग्रेटबॅच यांच्याच कंपनीत मोठे संशोधन केले.