गुन्हा : संज्ञा आणि वापर

नियम वा कायदा यांचा भंग दर्शविणारे जे शब्द मराठीत रूढ आहेत, ते एका काळातील वा एका भाषेतून आलेले नाहीत. पाप, अपराध, गुन्हा, कायदेभंग हे शब्द बोलण्यात पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. तथापि नियम कोणाचा आणि तो मोडल्यास जाब कोणी विचारावयाचा, याविषयीची निराळी कल्पना प्रत्येकामागे आहे. हा भेद क्रियापदांतूनही दिसतो : पाप हातून घडते, गुन्हा केला जातो, कायदा मात्र मोडला जातो.

धर्मशास्त्रात ‘पातक’ म्हणजे कर्त्याला खाली पाडणारे कर्म; त्याचा उतारा प्रायश्चित्त हा होय. राजाने द्यावयाच्या दंडाशी ‘अपराध’ या शब्दाचा संबंध अधिक. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा असून, बाण लक्ष्यावर न लागलेल्या धनुर्धरासही तो लावला जाई. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांपैकी ‘साहस’ या पदाचा पुढील प्रवास विशेष लक्षणीय आहे. धन्याच्या देखत, बळाने केलेले अपहरण ते साहस आणि त्याच्या पाठीमागे केलेले ते स्तेय, असा तेथे भेद केलेला आहे. मराठीत स्तेय मागे पडले आणि साहस हा गौरवाचा शब्द झाला.

‘गुन्हा’ हा फार्सी शब्द. मुळात त्याचा अर्थ पाप असाही होतो. परंतु मराठीत त्या अर्थासाठी पाप हा शब्द आधीच असल्याने गुन्हा सरकारदरबारापुरता उरला. ‘कायदा’ (पाया, नियम) हा अरबी शब्द. ‘खून’ म्हणजे फार्सीत केवळ रक्त. शिवकाली राज्यव्यवहारकोशाच्या द्वारे फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचा यत्न झाला, तरी हे शब्द टिकून राहिले. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘गुन्हेगारी’ म्हणजे गुन्ह्याबद्दल सरकारात भरावयाचा दंड. आज त्या शब्दाने प्रवृत्ती वा व्यवसाय सूचित होतो. व्यभिचारासारख्या (तत्कालीन भाषेत बदअमल) एकाच कृत्याबद्दल सरकार दंड घेई आणि जात प्रायश्चित्त देऊन माणसास पुन्हा पंक्तीस घेई. दंड भरला, प्रायश्चित्त झाले, की प्रकरण बहुधा मिटे.

इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्यासाठी १८२७ मध्ये आणि पुढे सर्व ब्रिटिश हिंदुस्थानसाठी १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गुन्ह्यांच्या व्याख्या लेखी व निश्चित झाल्या. (ही संहिता १ जानेवारी १८६२ पासून ३० जून २०२४ पर्यंत अंमलात होती.) तीत १८७० मध्ये घातलेल्या १२४-अ कलमास मराठीत ‘राजद्रोह’ हे जुने नाव मिळाले. या कलमाखाली टिळकांना १८९७ व १९०८ मध्ये शिक्षा झाल्या. त्यानंतर महाराष्ट्रात या शब्दाची नामुष्की उरली नाही. १९३० मधील ‘सविनय कायदेभंग’ या समासाने पुढची पायरी गाठली. अरबी ‘कायदा’ व संस्कृत ‘भंग’ यांच्या या जोडशब्दात दोषाचा भाव नाही. शिरोड्यास मीठ उचलणारे आणि बिळाशी, पुसद, चिरनेर येथे जंगल सत्याग्रह करणारे लोक कायदा मोडल्याचे उघडपणे सांगत. गुन्हा केल्याचे मात्र मानीत नसत. रानातील गवत व सरपण यांवर गावकऱ्यांची वहिवाट जुनी होती. जंगल कायद्यांनी ती गुन्ह्यात जमा केली होती.

याच राजवटीने गुन्हा हा शब्द कृत्यावरून काढून जन्माला चिकटविला, ही या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक बाब होय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती संपूर्णपणे गुन्हेगार म्हणून नोंदविण्याची सोय केली. १९११ च्या कायद्याने ती मुंबई इलाख्यासही लागू झाली. अशा जमातींतील माणसांना हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून हिंडता येत नसे. सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती होत्या. येथे काही मोडल्याचे सिद्ध करावे लागत नसे. दंड भरून वा प्रायश्चित्त घेऊन सुटण्याची जी वाट जुन्या व्यवस्थेत होती, तीही येथे नव्हती; कारण मिटावयास प्रकरणच घडलेले नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांमुळे पोलिसांचा संशय मात्र त्यांच्यामागे राहिला.

भाषेतही ही खूण उरलेली आहे. ‘भामटा’ हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतील एका समाजाचे नाव आहे. सर्वसाधारण मराठीत, वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही, तोच शब्द ठकसेन या अर्थाने सर्रास योजिला जातो. ‘उचल्या’ या शब्दाची गतही तशीच. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला तेच शीर्षक दिले आणि १९८८ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.