बोटीच्या आउटड्राइव्हला शिंपले धरू नयेत म्हणून: रंग घेण्याआधी धातू ओळखा

पिंपरी, भोसरी, चाकणच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी कुटुंबांपैकी अनेकांचा एक पाय अजून गावच्या जेटीवर असतो. मिरकरवाडा, राजिवडा, साखरी नाटे, हर्णे, राजपुरी अशा ठिकाणी भावाची, चाचांची नाहीतर मामूंची बोट असते. तिच्यात इथल्या पगारातला पैसाही अडकलेला असतो. मग मे महिना आला की गावाकडून फोन येतो, "येताना रंग घेऊन ये, झिंक पण घे." फोनवर सांगितलेला रंग दुकानात मिळतोही. पण तो बोटीच्या लाकडी किंवा फायबरच्या तळासाठी आहे की ॲल्युमिनियमच्या आउटड्राइव्हसाठी, हे कुणी विचारत नाही. नेमकं तिथेच मोठं नुकसान होतं. म्हणून हा विषय आम्ही जरा सविस्तर मांडतो आहोत.

आधी आउटड्राइव्ह म्हणजे काय ते पाहू. कोकणातल्या मोठ्या मच्छीमार नौकांना इंजिन आत असतं आणि लांब शाफ्टच्या टोकाला पंखा असतो. छोट्या फायबर होड्यांना मागे आउटबोर्ड टांगलेलं असतं. आउटड्राइव्ह हा या दोन्हींच्या मधला प्रकार. इंजिन बोटीच्या आत, पण गिअर आणि पंखा असलेला पाय मागच्या फळीबाहेर पाण्यात. व्होल्वो पेंटा कंपनीने 1959 मध्ये हा प्रकार बाजारात आणला. आपल्याकडे तो मुख्यतः स्पीडबोट, पर्यटकांच्या बोटी आणि काही खासगी बोटींना दिसतो. पाय ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्यावर रबराचे घडीदार बेलो, हायड्रॉलिकचे चकचकीत दांडे, पाणी ओढणाऱ्या जाळ्या. शिंपल्यांना घर करायला याहून सोयीची जागा नाही.

हे लागतं कसं?

स्वच्छ पत्रा समुद्रात सोडला की काही तासांतच त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. मग शेवाळ येतं, आणि त्याच सुमारास बार्नॅकलची पिल्लं. छोट्या ज्वालामुखीसारखं पांढरं, धारदार कवच दिसतं ते हेच. लोक त्याला शिंपला म्हणतात, पण नात्याने तो खेकडा-कोळंबीच्या कुळातला. त्याचं पिल्लू पाण्यात तरंगत फिरतं, जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेतं आणि मग आयुष्यभर तिथून हलत नाही. हा डिंक ओल्या पृष्ठभागावरही धरतो. म्हणून मोठं झालेलं बार्नॅकल उचकटलं तरी त्याचा गोल बूड तिथेच राहतो.

पावसाळ्यात खाड्यांत गोडं पाणी भरपूर येतं, तेव्हा याची वाढ मंदावते. पाऊस ओसरून पाणी पुन्हा खारं झालं की जोर धरते. त्यामुळे ऑक्टोबर ते मे हा सांभाळायचा काळ. बोट रोज चालत असेल तर त्रास कमी. आठ-पंधरा दिवस जेटीला बांधून ठेवलेल्या बोटीला सगळ्यात जास्त.

नुकसान फक्त वेग कमी होण्याचं नसतं. अमेरिकी नौदल अकादमीतले मायकेल शुल्ट्झ यांनी 2007 मध्ये एका युद्धनौकेचा हिशोब मांडला होता. तळावर कवचांचा जाड थर असेल तर तोच वेग राखायला 86 टक्क्यांपर्यंत जादा ताकद लागू शकते, असं त्यात निघालं. आपल्या बोटीचा आकडा वेगळा असेल, पण डिझेलच्या बिलात तो दिसतोच. त्याहून वाईट म्हणजे पाणी ओढणारी जाळी बुजली की इंजिन तापतं, आणि ते तापतं किनाऱ्यापासून दूर. बेलोच्या घडीत बसलेलं धारदार कवच, पाय वळवला की रबर कापतं. बेलो फाटला तर पाणी आतल्या जॉइंट-बेअरिंगमध्ये जातं, आणि लक्ष गेलं नाही तर बोटीत. हायड्रॉलिकच्या दांड्यावर बार्नॅकल असताना दांडा आत ओढला की सील फाटतं आणि तेल गळू लागतं.

तळाचा रंग पायाला लावू नका

बोटीच्या तळाला लावायच्या बहुतेक अँटिफाउलिंग रंगांत क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग असतं. लाकडावर, फायबरवर ते ठीक. ॲल्युमिनियमवर लावलं तर खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम मिळून बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. एका हंगामात पायाला खड्डे पडलेले दिसतात. शिंपले लागले नाहीत म्हणून मालक खूश असतो आणि खालून कास्टिंग खाल्लं जात असतं.

भोसरी-चाकणच्या प्लेटिंग किंवा गॅल्व्हनायझिंगच्या लाइनवर काम केलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. लोखंडावर जस्ताचा मुलामा का देतात? जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. आउटड्राइव्हवरचे 'झिंक', म्हणजे ॲनोड, तेच काम करतात. म्हणून ॲनोडला कधीही रंग लावायचा नाही. रंग लागला की तो निव्वळ शोभेचा तुकडा. अर्धा झिजला की बदलायचा. नवा बसवताना खालची जागा सॅंडपेपरने घासून धातूला धातू भिडेल असं पाहायचं.

आणि ॲनोड शिंपले थांबवत नाही. हा गैरसमज जुना आहे. 1824 मध्ये इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं वाचलं खरं, पण ते विरघळायचं थांबल्यावर त्याच्यावर शिंपले आणि शेवाळ दाटून बसलं. पितळी पंख्याला ॲनोड असूनही तो बार्नॅकलने भरतो, त्याचं कारण हेच.

पायासाठी रंग घेताना डब्यावर ॲल्युमिनियमसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. अशा रंगांत झिंक पायरिथिऑन किंवा कॉपर थायोसायनेट असतं. आधी पाय घासून, धुऊन, वाळवून त्यावर इपॉक्सी प्रायमरचे थर द्यायचे, धातू कुठेही उघडा ठेवायचा नाही, मग रंग. तळाला तांब्याचा रंग असेल तर आउटड्राइव्हभोवती चार-पाच सेंटिमीटरची पट्टी कोरी सोडायची. रबरी बेलो, दांडे, सील यांना यातलं काहीच लावायचं नाही. पंख्यासाठी सिलिकॉनचं गुळगुळीत कोटिंग मिळतं. त्यावर शिंपला धरतो, पण पंखा फिरला की निसटतो.

कुणी जुना कथिलाचा, म्हणजे टीबीटीचा रंग स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. फ्रान्सच्या अर्काशों उपसागरात त्यामुळे कालवांची शेती बसली होती, आणि 1982 मध्ये तिथे छोट्या बोटींवर त्याला बंदी आली. पुढे 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारात तो जगभर बंद करायचं ठरलं. तो करार 17 सप्टेंबर 2008 पासून लागू आहे. आपल्या खाडीतली कालवं आपणच खातो, हे एवढं कारणही पुरे.

लागलेलं काढायचं कसं?

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी शाकारल्या जातात. मोठं काम तेव्हाच. बोट वर घेतल्या घेतल्या, ओली असतानाच घासायला घ्या. दोन दिवस उन्हात वाळली की कवच दगडासारखं होतं. प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी वापरा. ॲल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण धातूत रुतून बसतात आणि तिथूनच गंज-खड्डे सुरू होतात. दांड्यावर तर प्लॅस्टिकशिवाय काहीच नाही.

संडास-बाथरूमचं ॲसिड ओतण्याची पद्धत सर्रास आहे. कवच विरघळतं हे खरं, पण ते ॲसिड ॲल्युमिनियमही खातं. उरलेल्या पांढऱ्या चकत्यांसाठी सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी फडक्याने लावून, थोडा वेळ ठेवून, भरपूर गोड्या पाण्याने धुवा. जुना रंग कोरडा घासू नका, त्याची धूळ विषारी असते. पाणी मारत घासा, तोंडाला मास्क लावा, आणि खरवड पोत्यात गोळा करा, खाडीत लोटू नका.

हंगामात मधून पाहणी लागतेच. ज्या गावांत जुम्म्याला बोट बाहेर जात नाही, तिथे सकाळची वीस मिनिटं याला द्यावीत. बुळबुळीत थर असतानाच फडक्याने पुसला तर पुढचं घासणं वाचतं. कुणी पाण्यात उतरणार असेल तर इंजिनची चावी त्याने स्वतःच्या खिशात ठेवायची. हातमोजे हवेतच. बार्नॅकलने कापलेली जखम साधी वाटते, पण समुद्राच्या पाण्यातले जंतू आत जातात. साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का पाहा. सूज चढली, ताप आला तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. घरात मधुमेह असलेल्यांनी तर हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

आउटबोर्ड असेल तर काम निम्मं सोपं. जेटीला लागलं की ते पूर्ण वर उचलून पाण्याबाहेर ठेवता येतं. आउटड्राइव्ह उचलला तरी थोडा पाण्यात राहतो, आणि बराच काळ उचललेला ठेवला तर बेलो ताणून खराब होतात. म्हणून तो खाली ठेवून वरचेवर पुसणं बरं. बेलो बदलायची मुदत कंपनीच्या पुस्तकात असते. ती टाळून पैसे वाचत नाहीत.

गोड्या पाण्याचा एक जुना उपाय आहे. बोट खाडीत वर, जिथे पाणी गोडं आहे तिथे काही दिवस नेऊन ठेवायची. बार्नॅकल मरतं, कवच मात्र चिकटून राहतं. जिवंतापेक्षा ते सोपं निघतं, एवढाच फायदा.

इथल्या पवना धरणाच्या पाण्यात बोट असणाऱ्यांना बार्नॅकलचा त्रासच नाही. शेवाळ धरतं, ते पुसून जातं. नदीत मात्र, पवना-इंद्रायणीवर दर उन्हाळ्यात दिसते तशी जलपर्णी असेल, तर ती पंख्याला गुंडाळते आणि जाळी बुजवते. इंजिन बंद करून हातानेच काढावी लागते. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा ॲनोड चालतो, खाऱ्यात जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा. धरणावरची बोट विकत घेऊन कोकणात नेणार असाल तर पाण्यात सोडण्याआधी ॲनोड बदला. मॅग्नेशियम समुद्रात फार लवकर संपतं, आणि ते संपलं की पाळी पायाची येते.