कीर्द, खतावणी आणि संगणक

वाचकहो, एम.सी.ए. करणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा, काय शिकतोस बाबा? तो म्हणेल, ‘संगणक.’ हे उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे पेठेतल्या जुन्या दिवाणजींना ठाऊक होते, असे मी म्हटले तर आपल्याला गंमत वाटेल.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी पाहा. दिवसभरात जे आले-गेले ते घडले त्या क्रमाने कीर्दीत लिहायचे. मग एकेक नोंद उचलून खतावणीत त्या त्या खात्यावर चढवायची. एकच व्यवहार दोनदा लिहिला जाई आणि ताळा जुळला नाही तर कारकुनाला दिवा लावून बसावे लागे. माहिती एकदा कालक्रमाने आणि एकदा खातेवार ठेवायची. यंत्र आज करते त्यातले पुष्कळसे हेच की!

सोलापुरात १८७७ च्या सुमारास जुनी गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या आणि हिशोबाचे मानच बदलले. हजारो माणसांची हजेरी, कोणाचा पगार महिन्यावर, कोणाचा विणलेल्या कापडाच्या मापावर. या गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. भोंगा गेला, तशी हिशोब राखणाऱ्या माणसांची एक पिढीच्या पिढी विखुरली. भोंग्याची आठवण सगळे काढतात. त्या कारकुनांची कोणी काढत नाही.

इकडे मुंबईत १९६१ साली एसो या तेल कंपनीने आय.बी.एम.चे १४०१ हे यंत्र आणले. शास्त्रज्ञांच्या हाती यंत्र त्याआधीच आले होते. हे मात्र धंद्याच्या कचेरीतले. पुढे आयुर्विमा महामंडळ यंत्रे आणू लागले तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांना आज हसू नये. पोटाचा प्रश्न होता. १९७८ साली आय.बी.एम.ने येथला गाशा गुंडाळला. १९८० च्या सुमारास प्रा. राजारामन यांच्या समितीने पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एम.सी.ए. अभ्यासक्रम सुचवला. त्यात यंत्राच्या विषयांबरोबर हिशोबशास्त्र आणि व्यवस्थापनही होते. हे कोणी हौसेने घातले नव्हते, बरं का. धंदा कळल्याशिवाय धंद्यासाठी यंत्र चालवता येत नाही, हा त्यातला विचार.

सोलापूरच्या मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. गाव तेच, पण पदवीवरचा शिक्का आधी मुंबईचा, १९४९ नंतर पुण्याचा, १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. माझ्या एम.ए.च्या पदवीवरही कोल्हापूरच आहे. एका दाखल्यासाठी रात्रीची एस.टी. धरावी लागे. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरचे स्वतःचे विद्यापीठ झाले. २०१९ साली त्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. शिक्षण दाराशी आले, नोकरी मात्र पुण्यालाच राहिली.

एम.सी.ए. २०२० पासून दोन वर्षांचा झाला. खर्च वाचला, हे चांगलेच. पण वर्ष गेले की कात्री कुठे लागते? मुलांना विचारा, हिशोबाचा पेपर त्यांना आधीपासूनच अडगळ वाटतो.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका विद्यार्थ्याने टॉवेलच्या कारखान्यासाठी संगणकावर हिशोब बसवून दिला. सूत किलोवर येते, टॉवेल डझनावर जातात. पहिल्याच आठवड्यात यंत्राने सूत कमी दाखवले आणि मालकांचा संशय गोदामावरच्या माणसावर गेला. बिचारा घामाघूम झाला. शेवटी म्हाताऱ्या दिवाणजींनी आपली वही उघडली. तिच्यात एक खाते होते, ‘घट’. विणताना, धुताना जे वजन जाते, त्याचे. पोराने ते मांडलेच नव्हते.

‘सर, हे कुठल्या पेपरला होतं?’ त्याने मला विचारले. दिवाणजींनी तोवर वही त्याच्यापुढे सरकवली होती.